गुलाबी वेल, चांगली कात्री आणि थोरल्या जाऊबाई

मी, खाली सही करणारी, कोपऱ्यावरच्या पार्लरची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या चष्म्यातून आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रक्तदाब वाढलेला निघाला. तो वरच्या मजल्यामुळे वाढतो असे मी त्यांना सांगितले, पण त्यांनी ते दाखल्यात घातले नाही.

कलम १. या घराचा खालचा मजला, त्यातले पार्लर, फिरत्या खुर्च्या, आरसे आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला द्यावी. ती माझ्या हाताखाली तयार झाली आहे आणि गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा गोड बोलते. वरचा मजला माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नावावर आहे. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही, नाहीतर पुष्कळ लिहिले असते.

कलम २. मखमली पिशवीतली चांगली कात्री भाचीला. तिने केसांखेरीज काहीही कापायचे नाही. एकदा आमच्या ह्यांनी या कात्रीने पार्सलची दोरी कापली होती. मी आठवडाभर बोलले नव्हते. ते देवाघरी गेले, तरी ती दोरी मला अजून दिसते.

कलम ३. मागच्या भिंतीवरची गुलाबाची वेल. हिची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचे कलम कोणाला पटणार नाही.

मला माझ्या खिडकीशी गुलाब हवा होता. भिंतीवर चढणारा, एकदा फुलून गप्प न बसता पुन्हा पुन्हा फुलणारा, फूल तळहाताएवढे आणि रंग मऊ गुलाबी, म्हणजे तान्ह्या बाळाच्या टाचेचा. एवढेच. पहिली वेल आणली ती भिंतभर पसरली, एकदा मनसोक्त फुलली आणि उरलेले वर्षभर नुसते काटे दाखवत राहिली. दुसरीचे फूल मोठे होते, पण रंग इतका भडक की गिऱ्हाइके विचारत, "नवीन नेलपॉलिश आलंय का?" तिसरीचा रंग अगदी मनासारखा, पण ती गुडघ्याच्या वर येईचना. ते झुडूप होते. नर्सरीवाल्याने कानांवर हात ठेवले.

चौथी वेळ आली तेव्हा मी नर्सरीत फुलांच्या हंगामात गेले आणि पुन्हा हंगाम सरल्यावर गेले. जी तेव्हाही फुललेली दिसली, तीच उचलली. गुलाब असाच निवडावा, पाटीवरच्या चित्रावर जाऊ नये. वेल सगळ्या बाबतीत खरी उतरली. मी तिला खत घातले, पाणी घातले, सरळ उभी बांधली. आणि ती मेली सरळ वर गेली! माझ्या खिडकीत खोड आणि काटे, फुले सगळी जाऊबाईंच्या खिडकीत. कष्ट माझे, शोभा त्यांची. वर रोज सकाळी त्यांच्या कात्रीची कचकच ऐकू येते. माझी फुले कापून फुलदाणीत घालतात, आणि मी खाली मूग गिळून बसायचे!

कलम ४. सबब, माझ्या पश्चात ही वेल मुळासकट काढावी. भाचीने वर सांगितलेल्या रीतीने नवी निवडावी. ती माझ्या खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंतच चढणारी हवी, पुढे बोटभरही नको. नर्सरीवाला म्हणतो, "ताई, वेल आहे ती. थांब म्हटल्यावर थांबायला शाळेतलं पोर आहे का?" त्याचे म्हणणे विचारात घेतले आणि नामंजूर केले.

कलम ५. जाऊबाईंना या मृत्युपत्राने फूल नाही आणि पाकळीही नाही. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. म्हणून मी एक साक्षीदार म्हणून मुद्दाम जाऊबाईंचेच नाव घातले आहे. त्यांनी सगळे वाचावे, सही करावी आणि हात हलवत वर जावे.

(येथपर्यंत काल लिहिले. पुढचे आज.)

कलम ६. आज सकाळी जाऊबाई सही करायला खाली आल्या. गुडघा धरत, एकेक पायरी मोजून. चष्मा लावून वाचू लागल्या, कलम चारवर थांबल्या.

"अगं, ही काढायची? मग फुलायची कोण?"

"कोण म्हणजे? दुसरी लावेल भाची."

"आणि तिची वाळलेली फुलं कोण कापेल?"

मी म्हटले, "वाळलेली? तुम्ही तर ताजी कापता. रोज ऐकते मी."

"ताजी कापून करू काय? माझ्याकडे फुलदाणी कुठाय?" त्या खुर्चीत टेकल्या. "सुकली की मी देठ कापते. त्याशिवाय पुन्हा कळ्या धरतात होय? गुडघ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे होते, तेव्हा दुसरा बहर आला होता का, सांग बघू."

आला नव्हता. मी त्या वर्षी नर्सरीवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोलले होते. आताही त्यालाच बोलावले. तो म्हणाला, "बरोबर आहे ताई. सुकलेलं फूल तसंच ठेवलं तर वेल फळं धरून बसते, पुन्हा फुलत नाही."

"जन्मभर लोकांचे केस कापलेस," जाऊबाई म्हणाल्या, "आणि एवढं नाही सुचलं? माझी स्वयंपाकघरातली कात्री बोथट झालीय बाई. देठ चावल्यासारखे तुटतात. फार वाईट वाटतं."

मी चहा ठेवला.

कलम ७. कलम ४ आणि कलम ५ रद्द. वेल आहे तिथेच राहील आणि माझ्या पश्चात जाऊबाईंच्या मालकीची होईल. खालची माती भाचीची. खत आणि पाणी तिने घालावे, कुरकुर करू नये. फांद्या सरळ न बांधता आडव्या वळवून बांधाव्यात, म्हणजे फुले दोन्ही खिडक्यांत येतात. हे आपण वेल देतानाच सांगितले होते असे नर्सरीवाला म्हणतो. मला आठवत नाही.

कलम २ दुरुस्त. चांगली कात्री जाऊबाईंना. देठ याच कात्रीने कापावेत. दोरी कापू नये. जाऊबाई माझ्याआधी गेल्या तर कात्री भाचीला, पण त्या आजवर कुठेही वेळेवर निघालेल्या नाहीत, तेव्हा ही तरतूद नावापुरतीच.

कलम ८. जाऊबाई विचारत आहेत, "मग सही कुठे करू?" मी सांगितले, करू नका. त्या म्हणाल्या, "का? माझी सही एवढी वाईट आहे?" आणि फुरंगटून वर गेल्या. कलम पाच त्यांनी नीट वाचलेले दिसत नाही. वकीलसाहेबांनी त्यांना समजावून सांगावे. मला सांगता येणार नाही.

ठिकाण : खालच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर, मागची खिडकी उघडी.
दिनांक : दुसऱ्या बहरातला गुरुवार. आकडा वकीलसाहेबांनी समासात घातला आहे.

सही : पार्लरवाली

साक्षीदार १ : नर्सरीवाला

साक्षीदार २ : ~~थोरल्या जाऊबाई~~ समोरचा शिंपी
(खोडलेले मी खोडले आहे. त्यांना मिळायचे आहे. — पार्लरवाली)