चौदाव्या ओळीतलं माझं नाव

५ मे
प्रिन्सिपलनी बोलावलं. ३१ ला मी रिटायर. त्याआधी जुना लॉगिन-सर्व्हर काढून नवा बसवून द्यायचा. "मेडम, तुमच्या हातानंच होऊ दे." म्हणजे आपलंच घर पाडा आणि जाताना झाडूनही द्या. हो म्हणाले.
अकरा वर्षांपूर्वी मीच तो बसवला. एकदा नाव-पासवर्ड टाकला की लायब्ररी, हजेरी, निकाल, होस्टेलची मेस, सगळी दारं उघडतात. त्याआधी पोरं पाच-पाच पासवर्ड तळहातावर लिहून फिरायची.
हाताखाली सेल्वी दिली आहे. एकोणतीस वर्षांची. माझ्यानंतर माझ्या खुर्चीत तीच. राग यायला काहीतरी कारण हवं होतं, सापडलं नाही.
संध्याकाळी डांगर पच्चडी केली, उडदाच्या पिठाची, दह्यातली. नेहमीप्रमाणे चौघांची झाली.

८ मे
सेल्वीला माझी पद्धत सांगितली. काळ्या स्क्रीनवर थेट काही टाइप करायचं नाही. आधी कमांड वहीत लिहायची, एकानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं टाइप करायची. एंटर दाबण्याआधी एक श्वास थांबायचं.
पूर्वी आमचे वरिष्ठ वाचायचे. ते रिटायर होऊन कोइमतुरला गेले, तेव्हापासून सात वर्षं मीच वाचते नि मीच टाइप करते. लॅबमधल्यांना वाटतं मेडम जप करतात.
आज सेल्वीनं वाचलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

११ मे, रविवार
चेन्नैहून अक्काचा फोन. आठवड्यातलं माझं मराठी बोलणं एवढंच, तेही 'सगळं'ला 'अस्क' म्हणणारं आमचं इकडचं मराठी.
"अस्क काढून टाकून मग तिथं एकटी काय करणार गं? ये की इकडं."
गेले असते. पण तिची नातवंडं मराठी समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. दोन दिवस मजेत जातात, तिसऱ्या दिवशी मी पाहुणी होते. बघू म्हणाले.
देवनागरी अप्पांनी पाटीवर गिरवून घेतली होती. अक्का ती केव्हाच विसरली. त्यामुळे या वहीला कुलूप लागत नाही, एवढा फायदा.

१४ मे
नवा बसवला. त्याआधी एक सेटिंगची फाइल भरावी लागते. सगळी नव्यानं कोण भरणार म्हणून जुनीच कॉपी केली. शुद्ध आळस. सेल्वीनं ओळ न ओळ वाचून दाखवली, मी मान डोलावत गेले.
चौदाव्या ओळीत तिनं वाचलं: जयंती. आवाजात काही फरक नाही. मीही मान डोलावली.
विद्यार्थ्यांची यादी उघडायला सर्व्हरला स्वतःचं वेगळं खातं द्यायचं असतं, माणसाचं नव्हे. तेव्हा घाईत मी माझंच दिलं, नंतर बदलू म्हणून. राहिलं ते राहिलंच. अकरा वर्षं कुणीही कुठंही लॉगिन केलं की आतून यादी उघडते माझ्या नावानं. आता नव्यातही तेच.
आणि ३१ ला माझं खातं बंद होणार. २ जूनला नव्या प्रवेशाची पोरं रांगेत उभी, आणि एकही दार उघडणार नाही.
दहा मिनिटांचं काम. उद्या बदलते.

१६ मे
नाही बदललं.

१९ मे
आजही नाही. टाउन बसमध्ये बसून सबबी शोधत होते. खरं लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण? २ जूनला सगळं बंद पडेल. कुणाला काही कळणार नाही. मग मला फोन येईल. कॉलेजची गाडी मेलवीथी रस्त्यावर माझ्या दारात उभी राहील. "मेडम, तुमच्याशिवाय होत नाही." मी जाईन, दहा मिनिटांत चालू करीन, आणि त्या दहा मिनिटांसाठी मी
लाज वाटते. तरी बदललं नाही.

२३ मे
जुना काढला. आधी थांबवायचा, मग काढायचा. क्रम चुकला की अर्धवट अडकून बसतो. शेवटी तो विचारतो: सगळा डेटाही काढायचा? हो की नाही?
"श्वास, मेडम," सेल्वी म्हणाली. माझं मलाच शिकवते.
एंटर. चार मिनिटं. एक रिकामा फोल्डर मागे राहिला, तो हातानं काढावा लागला.
तिनं कॉफी आणली. "रिटायर झाल्यावर काय करणार, मेडम?"
"पुष्कळ कामं आहेत."
एकही नाही.

२७ मे
सेल्वी २ जूनसाठी नवी साडी घेऊन आली होती, दाखवायला. जांभळी, बारीक काठ. आईनं निवडली म्हणे. घडी घालता घालता म्हणाली, "भीती वाटते, मेडम. त्या दिवशी काही बंद पडलं तर सगळे माझ्याकडेच बघतील."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त माझ्या दारातली गाडी बघत होते. तिची ती साडी, समोर प्रिन्सिपल, मागे रांग. शब्द अगदी ओठांवर आला आणि मी तिला साडीचा भाव विचारला.

३० मे
सांगितलं.
"सेल्वी, त्या चौदाव्या ओळीत माझं नाव आहे."
"तेरियुम, मेडम." माहीत आहे. वाचलं तेव्हाच कळलं.
"मग बोलली का नाहीस?"
तिनं वहीचं दुमडलेलं पान सरळ केलं. मग खाली बघून, "बंद पडलं असतं, तर तुम्हाला बोलावता आलं असतं."
म्हणजे दोघीही चोर. तिला हसू आलं, मग मलाही. माझे डोळे भरले ते तिनं बघितलं नाही असं दाखवलं. चांगली पोरगी आहे.
मग सर्व्हरसाठी वेगळं खातं उघडलं. मी वहीत लिहिलं, तिनं वाचलं, मी टाइप केलं. एंटर तिला दाबायला लावलं. चाललं.

३१ मे
हार, शाल, पितळी समई. प्रिन्सिपल माझ्याबद्दल पाच मिनिटं बोलले, त्यात माझं काम काय होतं ते आलं नाही.
पाच वाजता सेल्वीनं माझं खातं बंद केलं. "बघू नका, मेडम."
बघितलं.

२ जून
नऊपासून फोन टेबलावर. दहा. अकरा. भात लावला, फोन स्वयंपाकघरात नेला. चार वाजले.
एकही नाही. छान चाललं असणार. लॉगिन नीट चाललं की कुणाला त्याची आठवणही येत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

८ जून, रविवार
अक्काला सांगितलं, पुष्कळ कामं आहेत.

१७ जून
कालव्याला पाणी आलं म्हणून बघायला गेले. फोन घरीच राहिला, हल्ली राहतो. परत आले तर मिस्ड कॉल, सेल्वी, ११.२०.
पहिला विचार: बंद पडलं! आनंद झाला, लपवत नाही.
फोनवर कॉलेजचं पान उघडलं. माझं नाव टाकलं, जुना पासवर्ड टाकला. लगेच उत्तर: या नावाचं खातं नाही. म्हणजे सर्व्हर यादी उघडून नीट बघतोय. ठणठणीत आहे.
म्हणजे फोन कामाचा नाही.
मग कशाचा? पस्तीस वर्षं नोकरी केली, कामाशिवाय कुणाला फोन केल्याचं आठवत नाही. काय बोलतात? डांगर पच्चडी आजही जास्तच झाली आहे.
आधी इथं लिहून घेते. "सेल्वी, फोन केला होतास का? जेवायला येतेस का?"
मोठ्यानं वाचलं. तमिळमध्ये पुन्हा वाचलं. नंबर समोर आहे.
एक श्वास