उत्कर्षाच्या लॅपटॉपवर नऊशे एमबी जागा

३ जून
उत्कर्षाच्या फौजी बाबांची बदली पठाणकोटला. पंधराला गाडी. तोंडानं सांगणं मला जमत नाही, म्हणून प्रोग्राम लिहितोय. तिनं लॅपटॉप उघडला की खिडकीत एकच ओळ येईल: 'उत्कर्षा, तू मला आवडतेस.' साइज आठ केबी. दोन दिवसांचं काम.

५ जून
माझ्याकडे चालतो. तिच्या लॅपटॉपवरचं जुनं लिनक्स (मीच टाकलेलं) घरी लावून पाहिलं, त्यावर मरतो. प्रोग्रामला लागणारे तयार तुकडे, म्हणजे लायब्रऱ्या, तिथं जुन्या. अलीगंजचा माझा मित्र नागसेन फोनवर म्हणाला, अरे, तिच्या सिस्टममध्ये जे आहे त्यावरच लिही ना यार. मी म्हटलं, मी कोणावर अवलंबून राहत नाही. तो म्हणाला, हाँ, म्हणूनच तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलंस. फोन आपटला.

६ जून
निश्चय: लागतील त्या सगळ्या लायब्रऱ्या पॅकेजमध्येच भरायच्या. १४० एमबी. आईनं तीनदा हाक मारल्यावर जेवलो.

८ जून
मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. फॉन्ट भरले. निवडत कोण बसणार, सगळेच भरले. ३१० एमबी. उद्यापासून पहाटे उठणार.

९ जून
साडेदहाला उठलो. ऊन फार आहे.

११ जून
खिडकी सुंदर दिसावी म्हणून आत अख्खा ब्राउझर घातला. ८७० एमबी. तिच्याकडे नऊशे रिकामे आहेत. बसतंय. नागसेन म्हणाला, एक आदमी की ड्यूटी पे पूरी बटालियन भेज रहा है. ब्लॉक केला.

१४ जून, संध्याकाळी
हज़रतगंजच्या बाजारातून नवा पेनड्राइव्ह आणून, त्यात प्रोग्राम भरून तिच्या क्वार्टरला गेलो. अंगणात काळ्या ट्रंका, त्यांवर तिच्या बाबांचं नाव आणि नंबर, रंग ओला. काकूंनी सरबत दिलं. उत्कर्षानं विचारलं, इसमें क्या है? म्हटलं, कामाचं सॉफ्टवेअर आहे, निवांत लाव. हसली. हसली म्हणजे तिला समजलं असणार.

१५ जून
स्टेशनवर गेलो नाही. गेलो असतो तर तोंडानं सांगावं लागलं असतं. प्रोग्राम आहेच.

१७ जून
तिचा मेसेज. इन्स्टॉल होता होता डिस्क भरली, लॅपटॉप अडकला, म्हणून काढून टाकलं. सॉरी. पॅकेज उलगडताना दुप्पट जागा लागते, हे मी धरलंच नव्हतं.
मग तिनं विचारलं, वैसे था क्या उसमें?
वीस मिनिटं टाइप करून खोडत होतो. शेवटी लिहिलं, कॅलक्युलेटर.
म्हणाली, वो तो पहले से है.