दुसऱ्या मजल्यावरची दहावी

सर, तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. डोंबिवलीतल्या आपल्या शाळेत तेव्हा म्हणे माझं उदाहरण दिलं गेलं: पाठीचा कणा जन्मतःच नीट जुळलेला नव्हता, पायांत बळ नव्हतं, तरी कुबड्यांवर दोन मजले चढणारी मुलगी. मुख्याध्यापकांनी, म्हणजे तुम्ही, घडवलेली. ऐकून मला किळस आली.

ते दोन मजले मला कोणी चढायला लावले, हे कोणी सांगितलं नसेल. दहावीचा वर्ग वर होता आणि तळमजल्यावरची चित्रकलेची खोली दुपारपर्यंत रिकामी. आई ठाण्याच्या हॉस्पिटलातली चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आली, मी दारात उभी होते. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझा हात जरा वर उचलला तशी मी कळवळले होते. त्या म्हणाल्या होत्या, "हिचे खांदे पायांचं काम करतायत. खांदे त्यासाठी नसतात. जिने बंद करा, लांब जायला चाकाची खुर्ची घ्या." तुम्ही ती चिठ्ठी उघडलीही नाहीत.

"ताई, सवलत दिली की मूल कायमचं बसतं."

"सर, तिला वेणी घालायला हात वर नेता येत नाही."

"वेणी तुम्ही घाला. चढू दे तिला."

किती सहज बोललात. खांदे तुमचे नव्हते, आणि तुमची केबिन तळमजल्यावर होती. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर मला स्टेजच्या पायऱ्या चढायला लावायचात, कोणी आधार द्यायला उठलं तर त्याला थांबवायचात, आणि टाळ्या सुरू झाल्या की माईक स्वतःकडे घ्यायचात. माझी जिद्द म्हणजे तुमचं भाषण.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जिन्याच्या वळणावर उजव्या खांद्यातून कळ गेली, कुबडी सुटली आणि मी चार पायऱ्या खाली आले. दोन आठवडे पेन धरता आलं नाही. शाळेत परत आले ती तळमजल्यावर जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिले. तुम्ही समोर उभे.

"चल, वर वर्ग सुरू झालाय."

"मी नाही चढणार, सर."

"हार मानलीस?"

"हो."

तुमचा चेहरा असा पडला, जणू मी तुमचं काही चोरलं होतं. तीन दिवस मी त्याच बाकावर बसून गणितं सोडवली. चौथ्या दिवशी बीजगणिताच्या बाई खडू-डस्टर घेऊन खाली उतरल्या, मागोमाग अख्खा वर्ग. चित्रकलेच्या खोलीचं दार उघडत त्या मला एवढंच म्हणाल्या, "चल गं, आत ये." पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तुम्ही तो शाळेचा निर्णय म्हणून जाहीर केलात. लाज म्हणून वाटली नाही तुम्हाला.

आज कोलशेतला लिफ्टच्या इमारतीत राहते, खुर्चीवरून फिरते. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, तसा विचारही नाही.

पण एक गोष्ट आईलाही कधी सांगितली नाही. नववीच्या संमेलनाआधी तिने विचारलं होतं, "खांदा फार दुखतोय का गं? नको जाऊ स्टेजवर." मी म्हटलं, अजिबात दुखत नाही. मला त्या टाळ्या हव्या होत्या, सर. या पत्राला पत्ता नाही. असता तरी या चार ओळी खोडूनच पाठवलं असतं.