काकूंची सातवीतली मुलगी

शनिवार, संध्याकाळ. महाड.

आज गावी कुडपणला जायचं होतं, पण पुस्तक प्रदर्शनाच्या कामात अडकलो. प्रकाशकाचे साहेब पुण्याहून आलेत. त्यांनी प्रत्येक कादंबरीवर वयाचा गोल स्टिकर लावलाय, टेबलंही वयाप्रमाणे मांडलीत.

दुपारी सुमनकाकू आल्या. त्यांच्याच खानावळीत मी जेवतो. घरातून पळून जाणाऱ्या मुलीची एक कादंबरी उचलून उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. स्टिकर पंधरा ते अठराचा. साहेबांनी हसून विचारलं, "मुलगी कितवीत?"

काकूंना मूलबाळ नाही. तरी म्हणाल्या, "सातवीत."

"मग हे नको, तिला झेपायचं नाही." साहेबांनी पुस्तक हातातून काढून घेतलं आणि हत्तीच्या गोष्टींचं दिलं. काकूंनी पैसे दिले.

खोटं का बोलल्या? मलाच वाचायचंय, एवढं म्हणायला काय झालं? पण मी तरी कुठे तोंड उघडलं!

निघताना मी ती कादंबरी पिशवीत टाकली. स्टिकर नखानं खरवडला, अर्धा तसाच राहिला. थेट खानावळीत गेलो.

"काकू, हे घ्या. हत्ती परत द्या, उद्या याच्या जागी ठेवतो."

"मेल्या, मलाच वाचायचंय म्हणून साहेबाला सांगितलंस काय?"

"नाय."

"पोरगी एसटीत चढते तिथपर्यंत वाचलंय. पुढं काय होतं रे?"

"मला काय ठाऊक!"

"मग जा, हात धुऊन बस."

बसलो. ताट उशिरा आलं, आमटी खाली लागलेली. शेजारचे दोन ड्रायव्हर कुरकुरले. काकू गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पान उलटलं.