पहिल्या महिन्यात कोणी शिकवत नाही

तुळिंज, शुक्रवार

आदरणीय फेबियनमामांस,

भाचा जॉयल याचा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही मायलेक खुशाल आहोत. तुमचा गुडघा, केळी आणि पंप कसे आहेत ते कळवावे. (फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत आईला फोनच्या पलीकडचंही ऐकू येतं. म्हणून हे पत्र हातोहात पाठवतो आहे.)

मामा, ‘पहिल्या महिन्यात कॉलेजात कोणी शिकवत नाही’ हा तुमचा सल्ला मी तंतोतंत पाळला. रोज डबा घेऊन कॉलेजच्या नावाने निघालो आणि उमेळ्याला येऊन तुमची केळी लावली. पण आमच्या कॉलेजात यंदा नवीच पद्धत निघाली आहे. एका वेळी एकच विषय. चार आठवडे सकाळी नऊ ते चार तोच, मग परीक्षा, की तो विषय संपला. (तसं पत्रक आलं होतं. त्यात तुम्ही सुकट बांधलीत.)

आज, चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, मी नवा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसलो. शेजाऱ्यांना ओळख करून दिली, कोणी बोलेना. नवी मुलं, लाजत असतील म्हटलं. मॅडमनी छापील कागद वाटले. प्रवेशाचा फॉर्म समजून मी सुवाच्य अक्षरात नाव, पत्ता आणि बाप्तिस्म्याची तारीख लिहिली, आणि खाली सरासरी, मध्यक, विचलन असं जिथे जिथे विचारलं होतं तिथे ‘लागू नाही’ लिहून सर्वांच्या आधी उठलो. संख्याशास्त्र मी अशा रीतीने पंचवीस मिनिटांत पूर्ण केलं.

मॅडमनी बोलावून घेतलं, इतके दिवस कुठे होतो ते वदवून घेतलं आणि हा सल्ला कोणाचा, विचारलं. तुमचं नाव लपवणार होतो, पण घाबरलो. त्यांनी चष्मा काढला.

“उमेळ्याचा फेबियन?”

शेवटी ठरलं ते असं, की सोमवारी नऊला पालकाने येऊन सही केली तर मला पुढच्या तुकडीबरोबर हे चार आठवडे पुन्हा बसता येईल. नाही तर वर्ष गेलं. मामा, खरंच भीती वाटते. आई पाचला उठून डबा करते, तो मी तुमच्या बांधावर बसून खाल्ला, याची लाजही वाटते.

तुमचा (नको तितका) आज्ञाधारक,
जॉयल

ता. क. : पालक म्हणून तुम्हीच यायचं आहे. आईला कळलं तर तुमचंही रविवारचं जेवण बंद होईल.

आणखी एक : मॅडमचं नाव जेसिका. निघताना म्हणाल्या, “नऊ म्हणजे नऊ, सांग त्याला. मागे एकदा मी चर्चच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत थांबले होते.” कशासाठी ते मी विचारलं नाही. शर्ट इस्त्रीचा घाला.