मोटारीला लॉक

४ एप्रिल
आजपासून घर स्मार्ट. पाण्याची मोटार आणि वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, खोलीतला कूलर, दोन्ही माझ्या मोबाईलवर. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं आणि महिनाभर सकाळीच येतंय, म्हणून मोटार सकाळी तासभर. बाकी वेळ लॉक. किती वीज वाचेल! पासवर्ड फक्त माझ्याकडे. शिस्त एकाच हातात हवी. अप्पा म्हणाले, पाणी काय तुझ्या मोबाईलला इचारून येतंय व्हय? ऐंशी वर्षांचा माणूस, नव्याला घाबरणारच.

७ एप्रिल
कॉलनीचा चार्ट केला. कोणत्या घराने काय काय स्मार्ट घेतलं याचा. तीन रकाने: स्वीकारलेले, विचारात, मागास. स्वीकारलेल्यांत सध्या मी एकटा. शेजारचे शहाजी मागास. अजून बटण दाबून मोटार लावतात. बार्शीच्या एका सोसायटीने भाषणाला बोलावलंय. कीर्ती पसरतेय.

१२ एप्रिल
पाच दिवसांनी पाणी आलं, पण संध्याकाळी. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. प्रियदर्शनीचे सारखे फोन. लॉक काढा, नाहीतर पासवर्ड तरी सांगा म्हणत होती. बायको म्हणून अपवाद केला तर सिस्टीम कोलमडते. घरी आलो तेव्हा नळ गेला होता. अप्पांनी दोन कळशा तेवढ्या भरून ठेवल्या होत्या. ॲपवर मोटारीचा वापर शून्य. आजवरचा सर्वोत्तम दिवस! 
पुढच्या वेळी लॉक काढून ठेवणार. नक्की.

१५ एप्रिल
ऊन भयंकर. टाकीवर टिचकी मारली, पोकळ वाजली. घाबरण्याचं कारण नाही, उद्या टँकर सांगतो. अप्पा म्हणाले, कूलरला नगं पाणी, प्यायला ऱ्हाऊ दे. बघा! बचतीची सवय लागतेय.

१६ एप्रिल
टँकर सांगायचा राहिला. स्लाईड्स करत बसलो. अप्पा दिवसभर खोलीत पडून होते. हाक मारली तर फक्त हूं म्हणाले. घरात कटकट कमी झालीय, हाही फायदाच.

१७ एप्रिल, बार्शी, दुपारी
आज पाण्याचा दिवस. लॉक काढायचं गडबडीत राहिलं. पण भाषण झकास! मोबाईल पडद्याला जोडून माझं घर थेट दाखवलं. मोटार शून्य. कूलर चालू. टाळ्या. मध्येच पडद्यावर प्रियदर्शनीचं नाव झळकलं. कट केला. पुन्हा तीच. मग शहाजी. म्हटलं, मागास रकान्यातून फोन येतायत. हॉल हसला. मी पुढची स्लाईड लावली.

१८ एप्रिल, हॉस्पिटल
अप्पा काल दुपारी खोलीत बेशुद्ध सापडले. उष्माघात. डॉक्टरांनी विचारलं, खोलीत कूलर नाही का? मी मोबाईल दाखवला. दिवसभर चालू होता. त्यांनी विचारलं, पाणी होतं का त्यात?
ते ॲपमध्ये दिसत नाही.
सकाळी अप्पांनी डोळे उघडले. मी पुढे सरकलो. ते प्रियदर्शनीकडे बघून म्हणाले, पाणी आलं का गं? ती म्हणाली, आलंय अप्पा, शहाजीभाऊंनी त्यांच्या मोटारीला पाईप लावून आपली टाकी भरून दिली. अप्पांनी मान हलवली आणि तिचा हात धरून ठेवला. मला भीती वाटत होती की आता माझ्याकडे बघतील.
घरच्या कुणीच मला काही विचारलं नाही.