सोनूची न केलेली तपासणी

वणी, दि. १४ डिसेंबर २०२४

सौ. शीलास,

रामराम. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राह्यलो. मी बरा आहे. ट्रकवर कोळशाच्या खेपा चालू आहेत. तुह्या तांड्यावर कापूस वेचणं सरत आलं असेल. तुह्या बापूंच्या गुडघ्याले आता आराम असेल.

सोनू औषधाची पावडर घेते का? तुह्या भावानं, भावसिंगनं सांगितलं की दुधात देल्ली तर थुंकते. दह्यात देऊन पाह्य. महिनाभरात एकही झटका आला नाही हे ऐकून बरं वाटलं.

नागपूरच्या दवाखान्यात आपण चार वर्षांनी भेटलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समजावला. सोनूच्या शरीरात क्रिएटिन बनत नाही, म्हणून मेंदूले ताकद पोचत नाही, आणि हा दोष अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून आला. तुले रडू फुटलं. 'हिच्याच घरचं रक्त खराब' असं माही आई तुले तोंडावर म्हणायची, ते तुले आठवलं असेल. मी तेव्हा गप राहायचो. त्या दिवशीही गपच होतो.

मग बाईंनी विचारलं, "तिसऱ्या वर्षीच औषध सुरू झालं असतं तर पोरगी बोलली असती. आधी कोणी तपासणी सांगितली नव्हती का?"

तू म्हणालीस, "नाही मॅडम. आम्हाले कोणीच सांगितलं नाही."

शीला, सांगितलं होतं.

सोनू तीन वर्षांची असताना आपण यवतमाळले गेलतो. ती रडत होती म्हणून तू तिले घेऊन बाहेर बाकावर बसलीस. आत मी एकटाच. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून देल्ली, तिघांचंही रक्त तपासा म्हणे. बाहेर येऊन मी तुले सांगितलं, काही नाही, उशिरा बोलेल. चिठ्ठी बसस्टँडवर फाडून टाकली.

काहून ते सांगतो. माह्या पाठीवर एक भाऊ होता, विक्की. त्यालेही झटके यायचे. नवव्या वर्षी गेला, तोवर आईले आपल्या बंजारा बोलीत 'याडी' म्हणून एकदाही हाक मारली नाही त्यानं. लग्न जुळवताना हे तुमच्याकडे बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. सोनूचा पहिला झटका पाह्यला तेव्हाच मले विक्की दिसला. तपासणीत माहं रक्त निघेल आणि तू सोडून जाशील याचं भेव होतं. तू तशीही गेलीस. सोनूची मात्र पाच वर्षं मी खाल्ली.

परवा घरी गेलो. आईसमोर, आमच्या तांड्यातल्या चार माणसांसमोर हे सगळं बोललो. डॉक्टरीणबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, पावडर बंद पडू देऊ नका, दोन-चार शब्द अजूनही येऊ शकतात.

माफी मागत नाही. सोनू मोठी झाली, तिले सगळं समजलं, तरी 'बाबा, असं काहून केलं' एवढं विचारायले तिच्याजवळ शब्द नसतील. तिच्या वाटचं तू विचार. बोलावशील त्या दिवशी येऊन समोर बसतो.

सोनूचा बाप,
जीवन